न उघडणारी काच

साहेब, तुमचं यंत्र बिघडलं की तुम्ही माणूस बदलता. यंत्र तेच राहतं, धक्के खात, धूर ओकत. त्याला धरणारे हात तेवढे नवे येतात. तुमचं नाव घ्यायची इथं गरज नाही. तुमच्यासारख्यांच्या खुर्चीला नाव नसतंच, पाठीमागं टाकलेला पांढरा टॉवेल असतो. त्या दिवशीही तुम्ही एक माणूस घरी बसवलात, आणि तो काळा की गोरा हे विचारायलाही खाली आला नाहीत.

तो माणूस त्या वेळी इंदिरानगरच्या बोगद्याजवळ, राखीच्या गाड्यांच्या काचा बसवायच्या दुकानासमोर उभ्या राहिलेल्या एका पांढऱ्या गाडीत बसला होता. पुढच्या सीटच्या अगदी कडेला, पाठ न टेकता.

"उतरा ना बाबा," राखी म्हणाली.

"अंगावर गवत हाय समदं. गाडीत सांडंल म्हून हलत नाय मी."

"गाडीत काचा सांडल्यात सगळ्या. गवताचं काय घेऊन बसलात?"

तेव्हा सावळीराम उतरला. घोटीकडचा माणूस. साठीच्या आसपासचा, वाळका, पँट गुडघ्यापर्यंत हिरवी झालेली. गळ्यात ठेकेदारानं दिलेलं ओळखपत्र होतं, त्यावरचा फोटो उन्हानं उडून गेला होता. गाडी वैष्णवीची. ती एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, दुपारच्या पेशंटना फोन करकरून नंतर या म्हणून सांगत होती. मागोमाग मोटरसायकलवरून उतरला तो योगेश, ठेकेदाराचा सुपरवायझर; सावळीरामला गाडीत बसवून त्यानंच पाठवलं होतं. शर्टाच्या खिशात पेन, हातात दोन मोबाईल.

गाडीच्या मागच्या दारापलीकडं, डिकीच्या अलीकडं एक तिकोनी काच असते. ती खाली होत नाही, वर होत नाही, तिला बटण नाही. नुसती चिकटवलेली असते. तिच्याकडं कुणी बघत नाही. ती फुटते तेव्हाच गाडीवाल्याला कळतं की अशी एक काच आपल्या गाडीला होती. वैष्णवीच्या गाडीची तीच फुटली होती. मधे भोक, भोवती साखरेसारखे कण, कडेला काळ्या रबरात अडकून राहिलेली काचेची किनार.

"सिग्नलला उभी होते मी," वैष्णवी म्हणाली. "दुभाजकावर गवत कापणं चाललं होतं. फाडकन आवाज झाला. मला वाटलं, कुणी गोळी घातली."

"मशीननं दगड उडवला मॅडम," योगेश म्हणाला. "मशीननं म्हणजे ह्यानं. जाळी लावायची असते समोर. ह्यानं काढून ठेवली. ओलं गवत अडकतं म्हणून काढून ठेवतात हे लोक."

"जाळी मी डोळ्यानं बघितली नाय," सावळीराम म्हणाला. "आन् दगुड नव्हता त्यो. दगुड लागला तर हाताला टिचकी बसती. ह्यो झटका बसला. पार खांद्यापत्तूर."

"झटका बसला म्हणे. तू काय वैद्य आहेस?"

"वैद्य न्हाय. पन हात माझाच हाय."

योगेशनं त्याच्याकडं पाठ फिरवली. "राखीताई, काच बसवा. बिल ह्याच्या नावानं. ऑफिसातून फोन आला होता, उद्यापासून ह्याला बंद. आणि निष्काळजी म्हणून नाव गेलंय वर, आता दुसरा ठेकेदार पण घेणार नाही."

 अंगावरचं गवत झटकायला सावळीराम रस्त्याच्या कडेला, गाडीपासून लांब गेला. राखीनं ते बघितलं.

राखीचा नवरा रवी आतून हात पुसत आला. त्याला योगेश दिसला आणि त्याचा चेहरा उजळला. ठेकेदाराच्या झाडून साऱ्या गाड्यांच्या काचांचं काम तुम्हालाच देतो, असं योगेश दिवाळीपासून म्हणत होता. रवीनं त्या भरवशावर मागच्या पत्र्याच्या शेडला रंगसुद्धा दिला होता.

"काय योगेशभाऊ, चहा?"

"चहा नको. काम आवरा."

रवी स्कूटर काढून द्वारका चौकात काच आणायला गेला. तोवर राखीनं गाडीच्या रंगाला कागदी पट्टी लावून घेतली, ओरखडा पडू नये म्हणून. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची बांधलेली होती, फुटलेल्या काचेच्या अगदी लगत. राखी तिचे पट्टे सोडवायला वाकली आणि थांबली.

"बाळ होतं गाडीत?"

"नव्हतं. आज सासूबाईंनी ठेवून घेतलं. अंग गरम होतं त्याचं." वैष्णवीनं हे सहज सांगितलं. सांगून झाल्यावर मात्र ती फोन लावायची विसरली.

राखी या धंद्यात आली ती झाडू मारायला. शहरातल्या एका मोठ्या काचवाल्याकडं ती दुकान झाडायची. अंगानं बारीक, म्हणून गाडीच्या मागच्या सांदीत शिरायचं काम तिच्याकडं आलं, आणि सांदीत शिरता शिरता तिनं सगळंच उचललं. एकदा एका गाडीवालीच्या कानातलं हरवलं. पहिलं बोट राखीकडं. ती कुठल्या वस्तीत राहते हे मालकाला ठाऊक होतं, आणि त्याला तेवढा पुरावा पुरला. तिची पिशवी भर दुकानात उलटी केली. कानातलं दुसऱ्या दिवशी त्याच गाडीच्या दाराच्या पोटात सापडलं. मालक म्हणाला, झालं गेलं विसरून जा. राखी विसरली नाही. तिनं ते दुकान सोडलं. रवी तिथंच कामाला होता, तोही तिच्याबरोबर बाहेर पडला. तेव्हापासून तिच्या दुकानात एक रीत आहे. गाडीच्या सांदीकोपऱ्यातून जे निघेल ते निघाल्या क्षणी, मालकाच्या डोळ्यांदेखत, पुढं डॅशबोर्डवर. नाणं असो, केसाची पिन असो, अर्धं खाल्लेलं बिस्कीट असो. गाडीतलं ते गाडीवाल्याचं. लोक हसतात. एका डॉक्टरांनी तर विचारलं होतं, बाई, बिस्किटाचं मी काय करू? राखी म्हणाली, ते तुम्ही ठरवा.

रवी काच घेऊन आला. मग तार.

फुटली तरी त्या काचेची किनार सुटत नाही. मूळची चिकट पट्टी इतकी पक्की असते की आख्खी गाडी उलटली तरी सोडत नाही. तिच्यातून पोलादाची बारीक तार ओवायची, एक टोक आत, एक बाहेर, आणि दोघांनी आळीपाळीनं ओढत पट्टी कापत न्यायची. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं. आत राखी, बाहेर रवी. घरी भांडण झालेलं असेल त्या दिवशी तार तुटते, हे दोघांना पाठ आहे. त्या दिवशी भांडण घरी नव्हतं झालं, तिथंच चाललं होतं, दबक्या आवाजात.

"त्या म्हाताऱ्याच्या नावानं बिल करू नका," राखी आतून म्हणाली.

"मग कुणाच्या? तुझ्या?"

"ओढा हळू. तुटंल."

"योगेशभाऊ तिथं बसलाय. तोंड बंद ठेव थोडं."

"मी तोंडानं नाही ओढत, हातानं ओढते."

रवीला हसू आलं. तार तुटली नाही. किनार सुटून बाहेर आली.

खरं तर आता नुसतं वरवर झटकून नवी काच चिकटवता आली असती. बहुतेक जण तेच करतात. पण काचेचे कण पत्र्याच्या पोटात उतरतात, आणि मग वर्षभर गाडी वळली की आत खुळखुळा वाजतो, पाणी जायची भोकं बुजतात, पत्रा आतून सडतो. गाडीवाल्याला ते कळेपर्यंत फिटरचं नाव कुणाच्या लक्षातही नसतं. राखीनं सीटबेल्टचा बोल्ट काढला, बाजूचं सगळं प्लास्टिक उघडलं आणि व्हॅक्यूमची नळी खाली पार तळापर्यंत घातली. कण सळसळत वर येऊ लागले. मधेच नळीच्या तोंडाशी टक्क झालं. नळी गुदमरली.

तिनं मशीन बंद केलं, दोन बोटं आत घातली आणि बाहेर काढलं ते लोखंड होतं. अंगठ्याच्या नखाएवढं, एका बाजूनं धार असलेलं, दुसऱ्या बाजूनं तुटलेलं.

दगड नव्हता.

तिनं मुलाची खुर्ची उजेडात वळवून बघितली. डोकं टेकायच्या जागी, कानाशी येणाऱ्या गादीवर, कापड सरळ रेषेत फाटलं होतं आणि आतला स्पंज दिसत होता. लोखंड आधी काच फोडून तिथं घासलं होतं, मग उडून सांदीत पडलं होतं.

राखी गाडीतून बाहेर आली. नेहमीसारखी पुढं गेली आणि तो तुकडा डॅशबोर्डवर ठेवला.

"मॅडम, हे तुमच्या गाडीत निघालं."

सगळे जमले. सावळीरामनं मान लांब करून बघितलं, हात लावला नाही. "ह्ये पात्याचं हाय," तो म्हणाला. "कवाचं सांगत व्हतो मी, पातं थरथरतंय. योगेशभाऊ, सांगत व्हतो का नाय?"

योगेशनं तुकडा उचलला. तुटलेली बाजू अर्धी चकचकीत होती, अर्धी तांबूस. राखीनं आयुष्यभर गाड्यांचा गंजच बघितला होता.

"अर्धी चीर जुनी आहे," ती म्हणाली. "गंज चढलाय तिला. आज तुटलं ते राहिलेलं अर्धं."

योगेशचा आवाज एकदम मऊ झाला. "राखीताई, हे माझ्याकडं राहू दे. ऑफिसला दाखवतो मी."

"ठेवा ते तिथं."

"अहो, आमच्याच मशीनचं आहे ना?"

"मशीन तुमचं असेल. निघालं ह्यांच्या गाडीतून. तुम्हाला गुपचूप द्यायचं असतं तर मी आधीच माझ्या खिशात टाकलं असतं."

"ताई, समजून घ्या जरा. मी पण नोकर आहे. पातं मागितलं की वरून म्हणतात, आहे त्यात भागव. मला वरून येतं ते मी खाली देतो. हे वर गेलं तर माझंपण जाईल." तो खोटं बोलत नव्हता, आणि ते राखीला दिसत होतं. मग तो रवीकडं वळला. "रवीभाऊ, गाड्यांच्या कामाचं आज संध्याकाळीच पक्कं करतो. साहेबांच्या सहीनं. सांगा तुम्ही वहिनींना."

रवीनं शेडकडं बघितलं. मग बायकोकडं. मानेवरून फडका फिरवत म्हणाला, "योगेशभाऊ, ती सांदीत असते आणि मी बाहेर असतो. आत काय निघालं ते तिचं तिला माहीत. आमच्या दुकानाची रीत तिची आहे."

"काम जाईल मग."

"जाईल," रवी म्हणाला. त्याला ते बोलणं जड गेलं, पण बोलला.

योगेशनं तुकडा परत डॅशबोर्डवर टाकला. मोटरसायकलला किक मारताना तो सावळीरामला म्हणाला, "तुझं भलं होणार नाही ह्यात." सावळीराम म्हणाला, "आता काय भलं ऱ्हायलंय म्हून तू सांगतोस?"

वैष्णवी गाडीशी उभी होती. फाटलेल्या गादीत तिनं बोट घातलं होतं आणि ते काढत नव्हती. सकाळपासून ती सावळीरामला काय काय बोलली होती: आंधळा आहेस का, दिसत नाही का, कशाला देतात तुमच्या हातात मशीन. ते सगळं आता तिच्या तोंडावर दिसत होतं. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, पण सावळीरामनंच तिला सोडवलं.

"तुमी आई हाय. बोलनारच. माजी सून आसती तर तिनं दोन थपडा ठिवून दिल्या आसत्या."

मग राखी परत कामाला लागली. जुनी चिकट पट्टी तिनं धारदार पात्यानं तासून कागदाएवढी पातळ ठेवली. पत्र्यापर्यंत नाही नेली, कारण पत्रा उघडा पडला की गंज. जिथं चुकून ओरखडा गेला तिथं काळं प्रायमर लावलं. नव्या काचेची कड पुसली, तिलाही प्रायमर, तो सुकेपर्यंत हात लावायचा नाही. मग बंदुकीनं चिकट पदार्थाची जाड वात, काचेच्या कडेनं, न तोडता, एका श्वासात. सुरुवात आणि शेवट जिथं भेटतात तिथं तिनं बोटानं हलकेच मिटवलं. रवीनं रबरी चोषकानं काच उचलली. दोघांनी मिळून ती जागेवर नेली, आणि राखीनं तळहात सपाट ठेवून दाबली. पोळीवर हात फिरवावा तशी, कुठं जास्त नाही, कुठं कमी नाही. वरून कागदी पट्ट्या ताणून लावल्या.

"झालं?" वैष्णवीनं विचारलं.

"बसली. पण अजून तिची पकड नाही. आज गाडी इथंच राहील. पुढच्या दोन्ही काचा बोटभर खाली ठेवते. दार आपटलं की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते. कोण ना कोण आपटतंच."

"उद्या मिळेल?"

"उद्या सकाळी. कुठं जायचंय?"

वैष्णवीनं रुमालात बांधलेला तुकडा पर्समध्ये ठेवला. "त्यांच्या ऑफिसात," ती म्हणाली आणि सावळीरामकडं बघितलं. "तुम्ही याल का काका? आणि ताई, तुम्ही? कुठं सापडलं ते तुम्हीच सांगू शकता."

सकाळी राखीनं दुकान रवीवर सोडलं. धुतलेला ड्रेस घातला, पण बोटांच्या कडांना काळं राहिलंच; ते जात नाही. मुलाची खुर्ची काढलेल्या जागी ती मागं बसली, मुद्दाम त्या काचेला खेटून. गाडी रिंग रोडला लागली, वेग वाढला, तशी तिनं मान कलती करून काचेला कान लावला. फट राहिली असेल तर वारा शीळ घालतो. शीळ नव्हती. ती सरळ बसली. पुढच्या सीटवर आज सावळीरामनं पाठ टेकली होती.

सिग्नलला गाडी थांबली. दुभाजकावर गवत कापणं चाललं होतं. सावळीरामनं काच खाली केली.

"बुधा हाय त्यो," तो म्हणाला. "काल रातीच माज्या जागी पाठवला आसंल." मग नुसतं ऐकत राहिला. यंत्र घरघरत होतं, मधेच आवाज अडखळत होता. बुधाच्या खांद्याला पट्टा होता, पायात रबरी चपला, समोर जाळी नव्हती. कडेनं शाळेच्या रिक्षा जात होत्या. "माजंच मशीन हाय," सावळीराम म्हणाला. "हांडलला चिंधी मी बांधल्याली हाय."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्यांनी हॉर्न दिले म्हणून वैष्णवी निघाली.

ठेकेदाराच्या ऑफिसात साहेबांच्या खोलीबाहेर बरंच ताटकळल्यावर आत बोलावलं. योगेश आधीच भिंतीला लागून उभा होता, नजर जमिनीवर. साहेब गोड माणूस निघाले. वैष्णवीला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. तुकडा टेबलावर ठेवला तेव्हा पेनानं उलटा करून बघितला. राखीनं कुठं, कसा सापडला ते सांगितलं. खुर्चीच्या फाटलेल्या गादीचा फोटो वैष्णवीनं फोनवर दाखवला. साहेबांनी तो बघितला, मान हलवली.

"फार वाईट. देवाची कृपा म्हणायची," ते म्हणाले. "मॅडम, तुमच्या काचेचा खर्च आपण ठेकेदाराकडून देऊ. आणि ह्यांचं म्हणाल तर," त्यांनी सावळीरामकडं हात केला, "गैरसमजातून झालं. वयस्कर माणूस आहे. उद्यापासून कामावर येऊ दे ह्यांना. योगेश, तसं बघ. हा तुकडा राहू द्या इथं. मी लक्ष घालतो."

झालं होतं सगळं. ज्यासाठी आले ते मिळालं होतं. वैष्णवीनं सुटकेचा श्वास सोडून राखीकडं बघितलं. बाहेर पडायला दार उघडंच होतं.

सावळीराम हलला नाही. टोपी हातात घेऊन तो उभा होता.

"कुटल्या मशीनवर येऊ साहेब?"

"अं?"

"माजं मशीन बुधाकडं हाय. आत्ता बघून आलो. त्याचं पातं बदललंय का?"

साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला, खुर्ची अर्धी वळवली, हो हो म्हणाले, पाहुणे किती येणार विचारलं, दुभाजक आठवड्यात चकाचक होतील म्हणाले. बोलता बोलता त्यांनी हातानंच खूण केली, या आता. योगेश दाराकडं सरकला.

राखीनं टेबलावर हात ठेवला आणि तो तुकडा आपल्या तळहाताखाली झाकून घेतला. फोन संपेपर्यंत ती थांबली. साहेबांनी खुर्ची वळवली तेव्हा ती तिथंच होती.

"साहेब, बाबांनी काहीतरी विचारलं, तुम्हाला फोनमुळं ऐकू आलं नसेल," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बुधाच्या हातात आत्ता जे पातं फिरतंय, ते बदललंय का नाही? हो का नाही, तेवढं सांगा."